टाकीतला सेक्रेटरी

पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाचं शेत मोडून उभ्या राहिलेल्या ‘इक्षुवन’ सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून उत्तरेश्वर सेक्रेटरी झाला. त्याचा गुन्हा एवढाच, की तो दिवसा घरी असायचा. रात्रभर एका कॉल सेंटरमध्ये बसून तो अमेरिकेतल्या लोकांचे अडकलेले कॉम्प्युटर सोडवायचा, सकाळी कंपनीच्या गाडीतून परत यायचा आणि खिडकीला काळी चादर लावून झोपायचा. बाकीची बिऱ्हाडं नव्या जमान्यातली, नवरा-बायको दोघंही नोकरीला. सकाळी दारांना कुलपं लागली की संध्याकाळपर्यंत इमारतीत चिटपाखरू नसायचं. उरायचे दोघंच, झोपलेला उत्तरेश्वर आणि तळमजल्यावरचे दत्तोबा.

दत्तोबा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. कसबा पेठेतलं बिऱ्हाड मोडून मुलाच्या हट्टापायी इकडे राहायला आले, पण पेठ सुटली तरी जीभ काही बदलली नाही. सोसायटीचा पंप तेच सुरू करायचे, नोटीसबोर्डही त्यांच्याच ताब्यात. त्यांना ऐकू कमी येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, एक ते स्वतः सोडून. उत्तरेश्वरवर त्यांचा विशेष राग होता, कारण दिवसाढवळ्या झोपणारा धडधाकट माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्यात टाकीचं लचांड निघालं. जमिनीखालच्या टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी एक झडप असते. झडपेला एक दांडी आणि दांडीच्या टोकाला पोकळ प्लास्टिकचा चेंडू, चांगला मोठ्या नारळाएवढा. टाकी भरत आली की चेंडू तरंगत वर येतो, दांडी उचलली जाते, झडप बंद होते. इक्षुवनातल्या चेंडूला चीर गेली. पोटात पाणी शिरलं आणि तो तरंगायचं सोडून बुडून बसला, त्यामुळे झडप उघडीच राहिली आणि रोज दुपारी टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहायला लागलं. दत्तोबांनी बोर्डावर लिहिलं, ‘येथे सार्वजनिक रस्ता मोफत धुऊन मिळेल. आभार : सेक्रेटरी.’ प्लंबर ‘उद्या नक्की’ म्हणायचा आणि यायचा नाही. शेवटी उत्तरेश्वरच हडपसरला जाऊन नवा चेंडू घेऊन आला.

त्या दिवशी टाकी उपसून रिकामी केली होती. जेवण उरकून, मोबाइल घरी चार्जिंगला ठेवून तो नवा चेंडू घेऊन शिडीवरून टाकीत उतरला. टाकी दीड पुरुष खोल, मधोमध एक भिंत आणि भिंतीला तळाशी माणूस रांगत जाईल एवढं भोक. शिडीवर उभं राहून त्यानं जुना चेंडू काढला, हलवून पाहिला तर आत पाणी डुचमळत होतं. नवा बसवण्याआधी पलीकडच्या खणात साठलेला गाळही काढून घ्यावा, असं त्याच्या मनात आलं. आयुष्यात फार नीटनेटकेपणा करू नये तो यासाठी.

तो पलीकडे ओणवा होऊन गाळ खरवडत असताना दत्तोबा जेवणानंतरची शतपावली घालत तिथे आले. बघतात तर टाकीचं झाकण उघडं, आत शिडी लावलेली, शेजारी कुलूप पडलेलं, आणि माणसाचा पत्ता नाही. त्यांनी वाकून आवाज दिला.

“आत कुणी आहे का?”

“आहे काका, मी आहे,” उत्तरेश्वर ओरडला आणि घाईघाईनं भोकातून निघायला गेला तो त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. कपाळ चोळत तो अलीकडे आला तेव्हा शिडीची शेवटची पायरी वर निघून जात होती. तो पुन्हा ओरडला. दत्तोबा स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. त्यातला ‘झोपले असतील महाराज’ एवढाच भाग त्याला ऐकू आला. मग लोखंडी झाकण पडलं, आणि दाबलं की लागणारं ते कुलूप लागलं.

आधी त्याला हसू आलं. हे संध्याकाळी सगळ्यांना सांगायला बरं आहे, असं वाटलं. मग त्यानं हाका मारल्या, भिंतीवर चेंडू आपटला, घसा बसेस्तोवर बोंबलला. वर पार्किंगमध्ये ऐकायला कुणी नव्हतं, आणि जे होते त्यांना ऐकू येत नव्हतं. झाकणाच्या कडेनं उजेडाची एक बारीक रेघ आत येत होती, तेवढाच काय तो उजेड. मग एकदम त्याच्या लक्षात आलं की दुपारच्या चहाच्या वेळेला पाणी येतं. झडपेला चेंडू नाही, म्हणजे झडप सताड उघडी आहे. आणि त्याला पोहता येत नाही.

आपल्याला शोधायला कोण येईल, याचा त्यानं विचार करून पाहिला. बायको, दीपमाला, बाळंतपणासाठी बार्शीला माहेरी गेली होती. ती दुपारी फोन करायची. आजही करेल, मोबाइल घरात वाजत राहील आणि ती म्हणेल, झोपला असेल. संध्याकाळी कंपनीची गाडी येईल, हॉर्न वाजवेल, ड्रायव्हर म्हणेल, झोपला असेल. मेलो तरी लोक झोपलाच आहे म्हणतील, असं त्याच्या मनात आलं आणि आता मात्र तो खरोखर घाबरला.

नळ खाकरला आणि पाणी सुरू झालं.

झडप वर छताजवळ होती. त्यानं उड्या मारून पाहिल्या, पण दांडीचं लोंबतं टोक वीतभर वरच राहायचं. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. मांड्यांपर्यंत आलं तेव्हा त्यानं देवाचं नाव घेतलं, कमरेला आलं तेव्हा दत्तोबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोन्हीचा पाण्यावर काही परिणाम झाला नाही. छातीशी पाणी आल्यावर तो पुन्हा ओरडायला लागला, आणि दर हाकेसरशी त्याला वाटे की पाय जास्तच जड होतायत आणि आपण खाली जातोय. घाबरून त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि गप्प राहिला. तर टाचा आपोआप उचलल्या गेल्या.

त्यानं पुन्हा करून पाहिलं. श्वास सोडून ओरडलं की खाली, श्वास भरून गप्प राहिलं की वर. ही लबाडी त्याला कळेना. जवळ तरंगणारा नवा चेंडू त्यानं ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबला. चेंडू दबेना. जेवढा खाली ढकलावा तेवढा तो तळहातांना वर रेटत होता, जिवंत असल्यासारखा. गावाकडे, कळंबच्या शाळेत आर्किमिडीजचं तत्त्व त्यानं घोकून घोकून पाठ केलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवून त्याच संध्याकाळी विसरून गेला होता. वस्तूनं जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्या पाण्याच्या वजनानं पाणी तिला वर ढकलतं. वाक्य आठवलं, पण अर्थ आत्ता, हातांना, कळत होता. चेंडूनं नारळाएवढी जागा पाण्याकडून घेतली होती आणि पाणी आपली जागा परत मागत होतं. चेंडूला स्वतःचं वजन जवळजवळ नव्हतंच, म्हणून पाण्याचा जोर वरचढ ठरत होता. जुना चेंडूही तेवढाच मोठा होता, पण त्याच्या पोटात पाणीच भरलेलं, मग पाण्यात आणि त्याच्यात फरक तो काय उरला? तो बुडायचाच. माणसाचंही तसंच. छातीत हवा असेतो तो नवा चेंडू, हवा ओरडण्यात घालवली की जुना.

इतका वेळ तो जगण्यासाठी ओरडत होता आणि ओरडूनच बुडत होता. हे कळल्यावर त्याला रडू आलं, पण रडायलाही हवा लागते म्हणून त्यानं ते आवरलं.

पाणी गळ्याशी आलं. आता तळावर उभं राहणं जमेना. त्यानं चेंडू हनुवटीखाली घेतला, दोन्ही हातांनी घट्ट कवटाळला, श्वास भरला आणि पाय सोडून दिले. आयुष्यात पहिल्यांदा तो पाण्यावर तरंगला. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, पण चेंडूनं त्याला खाली जाऊ दिलं नाही. वर येत येत छत जवळ आलं आणि अंधारात चाचपडताना हाताला दांडी लागली. मघाशी उड्या मारूनही जिच्यापर्यंत पोचता आलं नव्हतं, तिच्याजवळ पाण्यानंच त्याला उचलून आणून सोडलं होतं.

झडपेला कुठे माहीत असतं, दांडी चेंडू उचलतोय की सेक्रेटरी? त्यानं दांडी वर रेटली. धार बारीक झाली, थेंब पडले, बंद झाली. त्यानं अंगातला शर्ट कसाबसा काढला आणि दांडी नळालाच गच्च बांधून टाकली. छत आणि पाण्यात हातभर जागा उरली होती. एका हातानं नळ धरून, चेंडू काखेत मारून तो लटकत राहिला. हात दुखत नव्हता, कारण पाण्यानं त्याचं बहुतेक सगळं वजन आपल्याकडे घेतलं होतं. पण गारठा हाडांत शिरायला लागला होता, दात वाजत होते, आणि अंधार होता तसाच होता. दर थोड्या वेळानं तो झाकणाखाली जाऊन बुक्क्या मारायचा आणि परत नळाला येऊन लटकायचा.

वर गाड्या यायला लागल्या. माणसं ऑफिसातून परतत होती. स्कूटर स्टँडला लागल्याचे, हेल्मेट ठेवल्याचे आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होते. त्याच्या बुक्क्या मात्र कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. एकदा कुणीतरी नेमकं झाकणावर उभं राहून मोबाइलवर बराच वेळ इंग्रजीत बोललं आणि निघून गेलं.

मग पंप सुरू झाला. टाकीतलं पाणी वर, दिवसभरात कोरड्या पडलेल्या गच्चीवरच्या टाकीत खेचायला एक काळा पाइप तळापर्यंत सोडलेला होता. त्याची घरघर ऐकून उत्तरेश्वरला क्षणभर बरं वाटलं, की पाणी कमी होणार, आता बुडायची भीती नाही. पाणी बोटभर उतरलंही. तेवढ्यात त्याला उमगलं की पाण्याबरोबर आपणही खाली चाललोय. पाणी तळाला गेलं की आपणही तळाला, झाकणापासून दीड पुरुष खाली. वर सगळ्या नळांना पाणी येईल, सगळे तृप्त होतील, टीव्ही लावतील, आणि मग कोण कशाला झाकण उघडतंय? या इमारतीत माणूस नाही म्हणून कुणी विचारणार नव्हतं. पाणी नाही म्हटलं की मात्र सगळी इमारत खाली उतरली असती.

त्यानं नळ सोडला आणि चेंडू काखेत तसाच दाबून पाइप पकडला. हातावर हात टाकत, दोरी ओढावी तसा त्यानं तो जड पाइप वर ओढला आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर काढून धरलं. पंप हवा खेचायला लागला. त्याचा आवाज बदलला, आधी गुरगुर, मग नुसती कोरडी किंचाळी. वर गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताईंनी विचारलं, पाणी का नाही म्हणून. मग आणखी एक आवाज आला, मग तीन-चार. जिन्यात चपला वाजायला लागल्या. उत्तरेश्वरनं पाइप छातीशी धरला. हातांना गोळे आले होते, तरी त्यानं तोंड खाली जाऊ दिलं नाही.

कुलूप निघालं. झाकण सरकलं आणि उजेड एकदम डोळ्यांत घुसला. वर दत्तोबांचा चेहरा होता, त्यामागे सोसायटीतली डोकी. उत्तरेश्वरचा चेहरा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता, पांढराफटक, ओठ निळे. दत्तोबांची नजर पाइपवर गेली. काय झालं असावं ते त्यांना कळलं नसेल असं नाही, पण जन्मभराची जीभ माणसाच्या आधी धावते.

“आधी तो पाइप पाण्यात सोडा, सेक्रेटरी. पंप जळेल.”

मघापासून ज्या शिव्या त्यानं साठवून ठेवल्या होत्या त्या सगळ्या उत्तरेश्वरच्या ओठांवर आल्या. पण ओरडण्यात हवा जाते हे तो आता शिकला होता.

“आधी हात द्या,” तो म्हणाला.

कुसुमताई पंपाच्या बटणाकडे धावल्या. दत्तोबा गुडघ्यांवर बसले, मग सरळ पालथे झाले, आणि खाली वाकून त्यांनी त्याचं मनगट दोन्ही हातांत धरलं. “मी हाक मारली होती हो,” ते म्हणाले, “खरंच मारली होती.” “मी ओ दिली होती,” उत्तरेश्वर म्हणाला. दत्तोबांना ते ऐकू आलं, कारण एवढ्या जवळून त्यांच्याशी कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं. त्यांचे डोळे भरले.

पाण्यात होता तोवर तो अगदी हलका वर आला. डोकं निघालं, खांदे निघाले. छाती पाण्याबाहेर आली आणि पाण्यानं इतका वेळ उचलून धरलेलं त्याचं सगळं वजन एकदम परत आलं. दत्तोबांना ते पेलेना. ते स्वतः कमरेपर्यंत टाकीत ओढले गेले, छाती फरशीवर घासली, मागून लोकांनी त्यांचेच पाय धरले. पण त्याचं मनगट त्यांनी सोडलं नाही.