गोणीतल्या गोळ्या

न्हाव्याच्या हाताखालून आजवर एकही हनुवटी निसटली नव्हती. रडणारी पोरं, डुलक्या काढणारे म्हातारे, फोनवर भांडणारे दुकानदार, सगळे त्याच्यापुढे मान वर करून गपगुमान बसायचे. मग बोका काय चीज!

बोक्याचं नाव वकील. अंगभर काळा, गळ्याशी पांढरा पट्टा. मारामारीत दुसऱ्या बोक्याने त्याचा गाल फोडला आणि आत पू झाला. डॉक्टरीणबाईंनी जखम साफ करून दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. न्हावी वकिलाला खुर्चीत घ्यायचा. डोकं मागे, जबडा खाली, गोळी आत, जबडा बंद. चुटकीसरशी. "चला, पुढचं गिऱ्हाईक!"

पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर गाल पुन्हा टम्म आणि वरचा डोळा बंद. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "औषध लागू पडत नाहीये. दुपारी घेऊन या. सूज डोळ्यामागे गेली असेल तर डोळा काढावा लागेल."

न्हाव्याचं डोकंच सटकलं. "औषध कसलं, खडू आहे नुसता खडू!"

बायको दुकान झाडत होती. झाडता झाडता थबकली, वाकली, केसांच्या ढिगातून चिमटीत काहीतरी उचललं.

"अहो, हे काय?"

"बटण असेल."

"बटणाला भोकं असतात. ही तुमची गोळी आहे!"

केसांनी माखलेली, अर्धवट विरघळलेली गोळी. कापलेले केस दोघं मागच्या गोणीत भरायचे, आठवड्यातून एकदा गाडी येऊन न्यायची. गाडीला अजून दोन दिवस होते! बायकोने गोणी फरफटत आणली आणि वर्तमानपत्रावर उलटी केली. दाढीला खुर्चीत बसलेले मास्तर अर्ध्या गालावर फेस घेऊन खाली उकिडवे बसले. "मी पांढरे केस बघतो, तुम्ही काळे बघा!"

"ही दुसरी!"

"सापडली! तिसरी!"

"अहो मास्तर, ते नख आहे."

आठ वेळा दिलेल्या गोळ्यांपैकी सात सापडल्या.

"लबाड मेला! गालात दाबून ठेवतो आणि खुर्चीखाली जाऊन थुंकतो!" न्हावी कडाडला.

"तो लबाड? जबडा मिटला की तुम्ही मोकळे. गिळली का, ते बघितलंत कधी?"

न्हावी काहीतरी झणझणीत बोलणार, तेवढ्यात त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अगं! म्हणजे औषध हरलं नाही! ते पोटात गेलंच नाही!"

मास्तरांना तसंच अर्धं सोडून दोघं वकिलाला पिशवीत घालून पळाले. डॉक्टरीणबाईंनी पू काढला, डोळा तपासला. "मागे सूज नाही अजून. गोळी तीच, पण आजपासून नव्याने दहा दिवस. मागोमाग या बिनसुईच्या सिरिंजने पाणी. गिळलं की सहसा मांजर नाक चाटतं. तोवर सोडू नका. दोन दिवसांत उतार पडला तर डोळा वाचला."

संध्याकाळी दुकानात तीन गिऱ्हाइकं ताटकळली होती. न्हाव्याने गोळी जिभेच्या पार मागे ठेवली. बायकोने ओठांच्या कडेने थोडं थोडं पाणी सोडलं. वकील गुरगुरला, फिस्कारला, मनगटावर तीन ओरखडे काढून गप्प झाला.

"आमचं कधी?" एकजण म्हणाला.

"थांब रे!" न्हावी ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाची तरी मान धरून वाट बघितली. अख्खं दुकान वाकून बघत होतं. आणि एकदम गुलाबी जीभ बाहेर आली नि नाकावरून फिरली.

"चाटलं!" सगळेच ओरडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्हावी फेसाने भरलेल्या हातांनी रस्त्यावर धावला. "अगं, लवकर ये! उघडला! डोळा उघडला!"

आत दुकानातल्या कपाटावर चढून वकील दोन्ही हिरव्या डोळ्यांनी त्याच्याकडे खाऊ का गिळू असा बघत होता.

"झालं का मग औषध?" शेजाऱ्याने विचारलं.

"छे! अजून आठ दिवस आहेत," न्हावी बाह्या सरसावत म्हणाला, "त्यालाही ते माहितीये. म्हणून तर वर चढलाय."