अंगाईतलं नाव

पुण्याच्या दिनकरला युक्रेनची भाषा शिकायची दुर्बुद्धी का झाली, हे त्याच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. छप्पन साली तो म्युनिकला आला इंजिनियर व्हायला, आणि वर्षभरात डोक्यात घेऊन बसला शंभर वर्षांपूर्वीचा एक इतिहासकार. त्या माणसाचं म्हणणं, राजेरजवाड्यांचे कागद बाजूला ठेवा, लोकांची गाणी ऐका. रशियन कोण आणि युक्रेनियन कोण, ते गाणीच सांगतील. झारने त्याला तुरुंगात टाकलं. दिनकरने त्याच्यावर डॉक्टरेट करायचं ठरवलं. आता एखादं जिवंत गाणं हवं होतं.

ते रेगेन्सबर्गला सापडलं. युद्धात परागंदा झालेले काही युक्रेनियन तिथेच राहून गेले होते. फ्राऊ दोरोशेंको त्यांतलीच. एका हॉस्पिटलात चादरी धुवायची. दिनकरला तिने बीटाचं सूप वाढलं, पण गाणं काही म्हणेना. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "हेर दिनकर, एक अंगाई आहे. तिच्यात माझ्या मुलीचं नाव आहे. नावासकट छापणार असाल तर म्हणते."

मुलीचा बाप रशियन; नाव त्याने ठेवलेलं. पंचेचाळीस सालच्या पळापळीत पोर आगगाडीतच गेली, दोन वर्षांची. गाडी थांबली तिथे रुळांच्या कडेला पुरली. स्टेशन कुठलं, ठाऊक नाही. ना थडगं, ना कागद.

दिनकरला गलबलून आलं. त्याची आईसुद्धा ओवीत 'माझा दिनू' घालायचीच की. "शब्द देतो," तो म्हणाला. तिने अंगाई म्हटली, नाव तीनदा सांगितलं, त्याने वहीत लिहून घेतलं.

प्राध्यापकांना अंगाई आवडली. "हं, हे नाव मात्र काढा," ते म्हणाले. "युक्रेनच्या अंगाईत रशियन नाव खटकतं. आणि आपल्याला लोक हवेत, एखादी मुलगी नव्हे. जुने संग्राहक अशा जागी 'अमुक' लिहीत."

दिनकर दोन दिवस तोंड पाडून हिंडला आणि तिसऱ्या दिवशी त्याने नाव खोडलं. दिनकरसाहेबांनी शेपूट घातलं, दुसरं काय!

एकसष्ट साली प्रबंध छापून झाला. तोवर फ्राऊ दोरोशेंकोची चार पत्रं आली होती, तेव्हा प्रत घेऊन जाणं भागच होतं. तिने चर्चला जायचा झगा घातला होता. हात धुऊन, चष्मा लावून तिने पुस्तक उघडलं. जर्मन तिला वाचता येत नव्हतं, पण आपल्या लिपीतल्या ओळी तिने बरोबर शोधल्या. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"ही अमुक कोण?" तिने विचारलं.

तो शास्त्राच्या पद्धतीविषयी काहीबाही बोलला. बोलता बोलता त्याची त्यालाच लाज वाटली. "मी आत्ता हाताने लिहितो," तो म्हणाला. "सगळ्या प्रतींत लिहीन."

त्याने पेन उघडलं, टोक कागदावर टेकवलं. आणि नाव आठवेना. त्या इतिहासकाराच्या आयुष्यातली तारीख न् तारीख त्याला तोंडपाठ होती. हे चार अक्षरी होतं की तीन, तेही सांगता येईना. ती वाट पाहत होती. शेवटी मान वर न करता त्याने विचारलं, "काय नाव होतं?"

फ्राऊ दोरोशेंकोने त्याच्या हाताखालून पुस्तक ओढून घेतलं आणि मिटलं.

"अमुकच असू द्या," ती म्हणाली, आणि त्याचा कोट आणायला उठली.