हाताचा गिअर

दादाच्या डाव्या पायाचा पंजा उचलेनासा झाला, त्याच महिन्यात त्याने पत्र्याच्या शेडमधली जुनी गाडी दुकानात आणली. म्हणजे मी ढकलत आणली. तो काठी टेकत मागून सूचना देत आला. बाबांच्या तरुणपणची चिमुकली टू-स्ट्रोक मोटरसायकल. टाकीला गंज, सीटमध्ये उंदरांचा संसार, आणि पिस्टन सिलेंडरला असा बिलगून बसलेला, की जणू जन्माच्या ताटातुटीनंतर आत्ताच भेट झालीय.

"बारके, हिला चालू कर," दादा म्हणाला. "आणि गिअर पायातून काढून माझ्या हातात दे. एकदा मला स्वतः चालवायचीय."

एकदाच का, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पायामागून हात जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कधी, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

बाबांचं लेथचं दुकान आम्ही दोघं भावंडं चालवायचो. आता लेथवर मी आणि खुर्चीवर दादा. पिस्टनवर आठवडाभर तेल मुरवत ठेवलं. एका सकाळी लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोकलं, आणि अडलेला हुंदका सुटावा तसा तो सुटला. सायलेन्सर जाळून आतली काजळी काढली. गिअरचा दांडा पायाखालून सोडवला, दोन सांधे घातले, एक सळई टाकीच्या उजव्या अंगाने वर आणली, तिच्या टोकाला लाकडाची मूठ. ती मूठ दादाचा तळवा मापून कोरली. तेव्हा त्याचा तळवा भरलेला होता.

सहाव्या आठवड्यात गाडीने पहिला श्वास घेतला. दुकानभर निळा धूर. शेजारच्या आमच्या घरातून वहिनी पदराने नाक दाबत आली.

"आली का माझी सवत शुद्धीवर?" ती म्हणाली.

दादाने गाडीवर बसून क्लच दाबून पाहिला, मुठीने एक-दोन-तीन गिअर टाकून पाहिले. सगळं लोण्यासारखं.

"चल, आत्ताच जाऊ."

"अशी? टाकीवर नुसता प्रायमर आहे, दादा."

"रंगाने काय चाकं फिरतात होय?"

"नख फिरव," मी म्हणाले.

बाबांचा नियम होता. तयार कामावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. कुठे अडकलं, तर काम दुकानाबाहेर जायचं नाही. मी शिकत होते तेव्हा हाच दादा नख फिरवून माझे तुकडे परत टाकायचा, मी रडले तरी. त्याने टाकीवरून नख फिरवलं. शिवणीपाशी ते अडकलं.

"अडकतंय खरं," तो म्हणाला, आणि खाली उतरला.

मला त्या क्षणी अभिमान वाटला. तेच आज सलतं.

मग खाचा बुजवायला लांबी भरली, पाण्याने घासली, पुन्हा भरली. रंगाचा हात दिला. त्यात धूळ बसली, म्हणून खरवडला. हव्या त्या छटेचा हिरवा मिळेना. चाकाच्या तारा एकेक उजळल्या. दादा नख फिरवी आणि मान हलवी; मला वाटे, आम्ही दोघं मिळून एक चांगलं काम करतोय. वहिनी चहा घेऊन आली की सुरात म्हणायची,

"टाकी घासू, नळी घासू, घासू चाकाच्या तारा,
नवरी नटते कधीची, नवरा झाला म्हातारा."

दादा पोट धरून हसायचा. एकदा असाच हसताना त्याच्या हातून कप निसटला. वहिनीने फरशी पुसली. कप ओला होता, असं मी म्हणाले. कप ओला नव्हता.

गाडी झाली. नख कुठेच अडकेना; पाण्यावरून फिरावं तसं फिरलं. दादा बसला, मी किक मारली. त्याने क्लचवर बोटं ठेवली, मिटली. दांडी अर्ध्यात आली आणि तिथेच थरथरत राहिली. त्याने पुन्हा मिटली. मग दुसऱ्या हाताने पहिला हात दाबून पाहिला.

"वायर कडक आहे," मी म्हणाले.

वायर बदलली. दांडी लांब केली. आतल्या स्प्रिंगा मऊ टाकल्या, तर क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडे आणि चाक जागचं हलेना. चार दिवस मी दुकानात दुसरं काम घेतलं नाही. पाचव्या दिवशी दादा म्हणाला, "पुरे आता. ती मूठ काढ. गिअर पायाला लाव, तुझ्या पायाला."

"दादा, प्रायमरवरच गेलो असतो तर..."

"नख माझंच होतं ना, बारके?"

दुसऱ्या सकाळी वहिनीने त्याला माझ्यामागे बसवलं, आपल्या जुन्या साडीने त्याची कंबर माझ्या कंबरेला बांधली. "हळू न्या," म्हणाली. कोणाला उद्देशून, कोण जाणे.

"पाय तुझा, पण गिअर माझा," दादा कानाशी म्हणाला. "मी खांद्यावर थोपटलं की बदलायचा. त्याआधी नाही."

पहिला टाकून निघालो. खांद्यावर थाप पडली, दुसरा टाकला. पुन्हा थाप, तिसरा. मी बदलला असता त्याच्या जरा आधीच त्याची थाप यायची, आणि इंजिन कुठेही न कण्हता पुढे सरकायचं. वर्षानुवर्षं गाड्या चालवूनही हे मला जमलं नव्हतं. पाठीमागे तो काहीतरी गुणगुणत होता. चढ आला, थाप आली, खाली उतरवला. वळण आलं, थाप आली. माझे हात, माझे पाय, पण गाडी तो चालवत होता.

परतीच्या वाटेवर थापा हलक्या होत गेल्या. आधी तळवा, मग बोटं, मग नुसता स्पर्श. चढ संपून सरळ रस्ता लागला. गाडी दुसऱ्यावर होती. इंजिन वाढत वाढत चिरकू लागलं. माझ्या कंबरेशी त्याचा हात हलला, वर येऊ पाहत होता, बरगडीपर्यंत आला आणि घसरला. पुन्हा निघाला, पुन्हा घसरला.

बाजूने जाणारा सायकलवाला ओरडला, "अहो ताई, गिअर बदला."

मी बदलला नाही. वेग थोडा कमी केला, खांदा जमेल तेवढा खाली झुकवला, आणि तशीच चालवत राहिले.