सुशांतशेठच्या दुकानातली राखण

हिमाचलातल्या एका कड्यावरून एके दिवशी एक रस्ता नाकासमोर सरळ खाली उतरला आणि तिथल्या कुणालाच त्याचा पत्ता लागला नाही. तो रस्ता काढला होता उमरठच्या वरच्या वाडीतल्या कुशाबाच्या नातीने, घरच्या पडवीत बसून. एवढा सरळ, की त्यावरून बकरी उतरली नसती. पाणीसुद्धा आधी चार माणसांना विचारून मगच उतरलं असतं.

त्याचं असं झालं. नातीचं नाव ऋतिका. पोलादपूरला कॉलेज करून ती घरी आली आणि मुंबईच्या एका कंपनीचं काम तिला घरबसल्या मिळालं. आभाळातून काढलेले फोटो कंपनी पाठवायची. त्यातले रस्ते, ओढे, घरांची छपरं ओळखून ऋतिकाने कॉम्प्युटरवर रेघा ओढायच्या, की झाला नकाशा. काम अजून कच्चं होतं. आधी काही महिने चुका बघणार, मग कायम करणार. त्यासाठी महाडहून नवाकोरा कॉम्प्युटर आणला. त्याची स्क्रीन एवढी मोठी, की कुशाबाने वाडीभर सांगून टाकलं, "ह्याच्यात आपलं अंगण उघडलं ना, तर कोंबडी अंडं घालायच्या आधी दिसतं."

आणि शिमगा सरतो न सरतो तोच त्या नव्या स्क्रीनवर वरून खाली एक बारीक करडी रेघ उमटली. ऋतिकाला वाटलं, असेल तिकडचा रस्ता. तिने तो इमानेइतबारे गिरवला. दुसऱ्या दिवशी मुंबईहून स्नेहल मॅडमचा फोन.

"ऋतिका, हा कड्यावरून उतरणारा रस्ता कुठून काढलास?"

"फोटोत दिसतोय, मॅडम."

"आमच्याकडे नाही दिसत."

ऋतिकाने फोटो डावीकडे सरकवला. डोंगर सरकला, नदी सरकली, रस्ता जागच्या जागी. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

कुशाबा हसून हसून पडवीतच बसला. "सरकारला आपल्या वाडीपर्यंत रस्ता आणायला जमला नाय, आणि माझ्या नातीनं घरात बसून कड्यावरून काढला!"

पण त्याचं हसू टिकलं नाही. मॅडमने स्पष्ट सांगितलं होतं, की असं परत झालं तर घरून काम बंद. मुंबईच्या ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर काम सोडायचं. मुंबई म्हणजे विरारला अनिलकाकाची खोली. तिथे आधीच एवढी माणसं, की कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलावी लागते.

"मी नाय जायची," ऋतिका म्हणाली. "काम पण सोडायची नाय."

कुशाबाच्या घरातून जो जो मुंबईला गेला, तो पाहुणा होऊन परत आला. गणपतीला यायचं, शिमग्याला यायचं, पिशवी भरून तांदूळ न्यायचे. कुशाबाला आता पाहुण्यांचा कंटाळा आला होता. घरात एक तरी माणूस घरचं हवं होतं.

ऋतिकाच्या आजीने, येसूबाईने, आपल्या जुन्या लुगड्यात स्क्रीन तान्ह्या पोरासारखी गुंडाळून दिली. आजा आणि नात जीपने पोलादपूरला उतरले, तिथून एसटीने महाड. दुकानदार सुशांतशेठ, बोलायला असा गोड, की त्याच्या दुकानात मुंग्या कशा नाहीत याचंच नवल. त्याने स्क्रीन लावली. स्वच्छ! धुतलेल्या पाटीसारखी.

"वायर ढिली असेल हो, बाबा. बदलून देतो."

वायर बदलली. वाडीत दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ हजर, आणि आता तिने हिरवा रंग घेतला होता. पुन्हा लुगडं, पुन्हा जीप, पुन्हा एसटी. दुकानात रेघ गायब. तरी ऋतिकाने हट्टच धरला तेव्हा शेठने तोंड वाकडं करत दुसरी स्क्रीन दिली. ही नवी बया आठवडाभर सुतासारखी सरळ राहिली. मग तिच्यावरही रेघ आली, आणि शेजारी पान खाऊन थुंकल्यासारखा एक डाग. तिसऱ्या खेपेला मात्र शेठच्या बोलण्यातली साखर संपली.

"हे बघा, दोन-दोन स्क्रीन खराब कशा असतील? इथं चालते, तिथं चालत नाही. म्हणजे दोष मालात नाही, तुमच्या वाडीत आहे. तिकडची लाईट कधी कमी, कधी जास्त. त्याला मी काय करू?"

"इथं चालते म्हणता?" ऋतिकाने विचारलं.

"समोर दिसतंय ना, ताई!"

"मग इथंच चालवते."

सुशांतशेठला वाटलं, पोरगी रागावून बोलली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो शटर वर करतो, तर आजा-नात पायरीवर. हातात अख्खा कॉम्प्युटर, पाठीला डब्याची पिशवी. ऋतिका सरळ आत गेली, रिकाम्या टेबलावर सगळं मांडलं, दुकानाच्या प्लगात वायर खुपसली आणि कामाला लागली.

"अहो, हे काय चाललंय? दुकान आहे हे!"

"मग आम्ही गिऱ्हाईकच हाव," कुशाबाने स्टूल ओढलं. "माल बघतोय. पसंत पडला की जाव."

शेठ हसला. बसा म्हणाला, किती बसाल! त्याने कुशाबाला ओळखलंच नव्हतं. वरीच्या शेताला रानडुकरांपासून राखायला ज्याने माळ्यावर पावसाळे काढले, त्याला वातानुकूलित दुकानात बसायला काय जड?

त्यात कुशाबाची जीभ. बिरवाडीला खोली घेऊन राहणारी, औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांतली पोरं पाळी सुटली की चार्जर, हेडफोन घ्यायला यायची. त्यात एक भरत नावाचा होता. तो आला हेडफोन घ्यायला आणि ऐकत बसला कुशाबाला.

"राखणीत एक ध्यानात ठेवायचं," कुशाबा सांगत होता. "डुकराकडं टक लावून बघितलं की त्ये येत नाय. एकदा मी काय केलं, घोरायचं सोंग घेतलं. तर डुक्कर आलं नि माळ्याखाली बसून त्ये पण घोरायला लागलं."

"मग?"

"मग काय? दोघांनाही खरीच झोप लागली. सकाळी बघतो तर तिसऱ्याच डुकरानं शेत खाल्लेलं."

"आबा, फेकता हां!"

"मी फेकतो, तू झेलतोस. दोघांचा येळ बरा जातो का नाय? आन् ए, त्या स्क्रीनकडं बघू नको. बघितलंस तर रेघ यायची नाय."

झालं! दुकानात येणारा प्रत्येक जण स्क्रीनकडे पाठ करून बसायला लागला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत कुणाचा तरी रुसवा चाललाय. नवं गिऱ्हाईक दारातूनच विचारी, "काय झालंय?" की कुशाबा पहिल्यापासून सुरू. कड्यावरचा रस्ता, सांगता सांगता, हिमाचलातून काश्मीरपर्यंत पोचला. त्यावरून एसटी सुरू झाली. एसटीला कंडक्टर मात्र मिळेना, सगळे घाबरत होते.

पण रेघ काही येईना.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. स्क्रीन अशी निर्मळ, की कुशाबाला तिचा राग यायला लागला. सुशांतशेठ येता-जाता विचारी, "काय बाबा, आली का तुमची पाहुणी?" पोरं हसत. कुशाबाही हसे, पण एसटीत परत जाताना तो खिडकीबाहेर बघत विचार करत बसे. शेठ खरं बोलत असला तर? दोष खरंच वाडीतला असला, तर वाडीत बसून पोरीने करायचं काय? उद्यापासून रोज महाडला यायचं? आणि आज महाड, मग उद्या विरार! वाट एकदा खाली उतरली, की ती उतरतच जाते, हे त्याने आपल्या पोरांच्या बाबतीत बघितलं होतं.

"गो ऋतिका," तो पोलादपूरजवळ म्हणाला, "रेघ आलीच नाय तर?"

"तर त्या शेठला आपल्या वाडीत नेऊन बसवीन, आबा. रेघ बघितल्याबिगर सोडायची नाय त्याला."

आजा गार झाला. ही आपल्यापेक्षा वरची निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमचा फोन आला. आज संध्याकाळपर्यंत एका खोऱ्याचा पूर्ण नकाशा हवा होता, आणि त्यावरच ऋतिकाचं कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. ऋतिका मान खाली घालून बसली ती बसलीच. कुशाबाने गोष्टीसुद्धा हळू आवाजात सांगितल्या.

ऊन डोक्यावर आलं आणि महाडची लाईट गेली. सुशांतशेठचा इन्व्हर्टर लगेच सुरू झाला. कॉम्प्युटर चालू, इंटरनेट चालू, एक पंखा चालू. एसी तेवढा बंद पडला. दुकानाला समोर अख्खी काच, आत पोरांची दाटी. बघता बघता दुकान भट्टीसारखं तापलं. शेठ कपाळ पुसायला लागला. भरतने शर्टाची बटणं सोडली.

"आबा," ऋतिका हळूच म्हणाली. "आली."

कुशाबाने मान वळवली. हिरवीगार रेघ! वरपासून खालपर्यंत, नदी कापून, गाव कापून, आणि शेजारी तो पानाचा डाग. एवढ्या दिवसांनी दिसली म्हणून त्याला ती जवळजवळ देखणी वाटली.

"घरी पण दुपारचीच येते," ऋतिका म्हणाली. "पडवीचा पत्रा तापला की. इथं तुमचा एसी होता म्हणून लपून राहिली."

सुशांतशेठ टुणकन उठला आणि बटणाकडे हात नेला. "एकदा बंद करून चालू केली की—"

बटणावर कुशाबाचा पंजा आधीच पडला होता. "हात नाय लावायचा, शेठ. राखणीला आम्ही बसलो होताव."

"लाईट गेलीय ना आता! व्होल्टेजचा—"

"शेठ," भरत म्हणाला, "हा तुमचाच इन्व्हर्टर ना? त्यातली लाईट पण वरच्या वाडीतूनच आणता का?"

दुकान हसलं. शेठने घाम पुसला, आत गेला आणि सीलबंद खोकं घेऊन आला. ऋतिकाने काम साठवलं, नवी स्क्रीन लावली. पोरं आता वळून तिच्याभोवती जमली, नाकं जवळजवळ काचेला लावून. खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

"हा ठिपका बघा," ऋतिका म्हणाली.

"एक ठिपका चालतो हो, ताई! कंपनीच्या नियमात बसतो."

"माझ्या नकाशात एक ठिपका म्हणजे एक घर. तिथं राहायला जाणार का तुम्ही?"

"फुडचा काढा, शेठ," कुशाबा म्हणाला.

पुढचं खोकं फुटलं. ही स्क्रीन एका बाजूने अशी पिवळी, की हिमाचलातल्या बर्फाला कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. त्याच्या पुढचं खोकं नव्हतंच. या मापाचा माल संपला होता, नवा यायला वेळ लागणार होता.

"तोवर जुनीवर भागवा ना," सुशांतशेठची साखर परत आली. "सकाळचं काम करा, दुपारी विश्रांती घ्या."

ऋतिका उठली. गल्ल्यामागे गेली. तिथे सुशांतशेठची स्वतःची स्क्रीन होती, ज्यावर तो दिवसभर बिलं करायचा. काठ धुळीने माखलेले, एका कोपऱ्यात लक्ष्मीचं स्टिकर. पण भट्टीतही चित्र कसं लख्ख!

"ही कधीपासूनची?"

"ती? जुनी आहे, ताई. दुकान काढलं तेव्हाची."

"कधी रेघ आली?"

"नाही, पण..."

"मग ही नेते. नवा चांगला माल आला की सांगा, बघून घेईन."

"अहो, माझी बिलं कशावर करू मी?"

"ह्या तिघींतली आवडेल ती ठेवा."

सुशांतशेठने पोरांकडे बघितलं. पोरं त्याच्याकडेच बघत होती, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर घरी जायची घाई दिसत नव्हती. कुशाबाने स्टूल आणखी थोडं पुढे ओढलं. शेठने खांदे पाडले.

शेठच्या स्क्रीनची वायर टेबलापर्यंत पुरेना. म्हणून स्क्रीन गल्ल्याच्या काठाशी ठेवली आणि वायर निसटू नये म्हणून सुशांतशेठच ती धरून उभा राहिला. ऋतिका पुन्हा खोऱ्यात उतरली. राहिलेली छपरं झाली, ओढे झाले, पायवाटा झाल्या. कुशाबाने नवी गोष्ट सुरू करायला तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "आबा, गप." आणि वाडीत आजवर जे कुणालाच जमलं नव्हतं ते झालं. कुशाबा गप बसला.

"ताई, हात दुखला," शेठ म्हणाला.

"पूल राहिलाय."

लाईट आली, एसी घरघरला. पूल नदीवर नीट बसला, नकाशा मुंबईला गेला. पोरं चहा पिऊन परत आली तरी उत्तर नाही. मग फोन वाजला. ऋतिकाने तो कानाला लावला आणि कुशाबा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला.

"हो मॅडम... नाही मॅडम, रस्ता नाही कुठला जास्तीचा... हो." तिने मान वर केली. "कायमचं? हो, चालेल. उद्यापासून? घरून, मॅडम. इथं नाय, घरून."

बोलता बोलताच तिने सुशांतशेठच्या हातातून वायर सोडवून घेतली आणि आज्याकडे लुगड्यासाठी हात पुढे केला.