अर्धा कप

ड्रायव्हरने थर्मासमधला चहा कपात ओतला, अर्धाच, आणि कप मागच्या सीटवर दिला. भरलेला कप देणं त्याने कधीच बंद केलं होतं. साहेबांनी त्याबद्दल विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही. साहेब शहरातले सगळ्यांत नावाजलेले मूत्ररोगतज्ज्ञ. आरशात दिसलं, त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा काठाशी हिंदकळत होता.

“तुझे रिपोर्ट पाहिले,” साहेब म्हणाले. “मूत्राशयात गाठ आहे. घाबरू नकोस, दुर्बिणीतून काढू. सोमवारी मीच करतो तुझं ऑपरेशन.”

“बरं, साहेब.”

ड्रायव्हरने आरसा जरासा वर केला. आता त्यात फक्त मागचा रस्ता दिसत होता.

त्याच्या लघवीतून रक्त जायला लागल्यापासून बायकोच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

“देवच पावला. तुमच्या साहेबांकडे लोक महिना महिना ताटकळतात.”

“दुसऱ्या कुणाला दाखवू या का?”

“डोकं ठिकाणावर आहे ना? आणि साहेबांना काय सांगणार?”

साहेबांच्या बाहीची बटणं हल्ली तोच लावून द्यायचा. थंडीने बोटं आखडतात, असं साहेब म्हणाले होते, तेही ऐन उन्हाळ्यात. याने मान डोलावली होती. कुणी काही विचारलंच तर ‘साहेबांची झोप झालेली नाही’ असं ठोकून द्यायचा आणि त्यात त्याला वर अभिमानही वाटायचा. आता मात्र त्याला भीती वाटत होती, स्वतःच्या जिवाची भीती.

सुट्टी घेऊन तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. एका दवाखान्यात डॉक्टर कागदपत्रांच्या ढिगाआड बसले होते, त्यांचे हातच दिसेनात; तिथून तो नंबर लागायच्या आत उठला. दुसऱ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. उघड्या दारातून तो त्यांच्याकडे बघत बसला. बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि न बघता पेनाला टोपण लावलं. ते पहिल्या फटक्यात बसलं. तो बसून राहिला.

“तुम्ही सरांच्या गाडीवर असता ना?” बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले. “मी त्यांच्याच हाताखाली शिकले. ते असताना इथे कसे?”

“त्यांना उगाच त्रास कशाला,” तो गुडघ्यांकडे बघत म्हणाला.

बाईंनी उठून दार लोटलं आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. परत काही विचारलं नाही.

साहेबांना त्याने गाडी चालवता चालवताच सांगितलं. मेहुण्याने परस्पर ठरवलंय, नाही म्हणता येईना.

“कुणाकडे?”

त्याने नाव सांगितलं.

“चांगली आहे ती,” साहेब म्हणाले. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. “मग सोमवारी तुझ्या जागी यादीतला दुसरा पेशंट घेऊन टाकतो.”

सोमवारी त्याने साहेबांना हॉस्पिटलच्या दारात सोडलं. बटणं लावून दिली. साहेब आत गेले, आणि पायरीवर बसलेली एक बाई उठून गाडीपाशी आली. तिच्या हातात पुरुषाच्या चपला होत्या.

“दादा, तुम्ही साहेबांचेच ना? आमच्या मालकांना आत्ताच आत नेलं. आमचा नंबर पुढच्या महिन्यात होता. कुणीतरी जागा सोडली म्हणून आज लागला. देव त्याचं भलं करो.”

ड्रायव्हरची नजर तिच्या हातातल्या चपलांवर गेली.

“साहेबांच्या हाताला गुण आहे म्हणतात. खरं ना?”

“हो तर,” तो म्हणाला. इतक्या वर्षांची सवय होती.

बाई हसली आणि चपला छातीशी धरून पायरीवर जाऊन बसली. ड्रायव्हरने कप घ्यायला मागचं दार उघडलं. आज सगळा चहा सीटवर सांडला होता. त्याने फडकं काढलं आणि पुसायला लागला.