चतुर्थीच्या दिवशीची बर्फी

ऐका ना, दुर्गेशची त्या दिवशी पुरी वाट लागली होती! जरीपटका भागात त्याच्या आजोबाचं, म्हंजे नानाजीचं, मिठाईचं दुकान. संत्रा बर्फीत साखर किती, हे आजवर नानाजीच चाखून सांगत. त्या दिवशी पहिल्यांदा ते काम दुर्गेशले भेटलं, तेही कामठीच्या साखरपुड्याच्या ऑर्डरवर. बर्फी जमली तं चाखायचं काम कायमचं त्याचं, बिघडली तं त्याच्या भाऊजीचं. आणि ऋषिकेशभाऊजी तं सकाळपासून हात धुऊनच उभे!

पण नेमकी चतुर्थी. पहिलं काम नीट व्हावं म्हणून दुर्गेशनं कडक उपास धरलेला, चहासुद्धा नाही. खवा उपासाले चालते, म्हणून चाखाले अडचण नव्हती. कारागीर कढईत साखर टाकून राहिला होता, दुर्गेशनं त्यातली जराशी बर्फी जिभेवर ठेवली अन् ओरडलाच, "बस, बस! लय गोड झाली!"

दुपारी नानाजी पोटभर जेवून, ढेकर देत आले. तुकडा तोंडात टाकला अन् चेहरा पडला.

"हे बर्फी होय का गा? पुरी फिक्की!"

"नाही नानाजी, मी स्वतः चाखली!"

"मंग तुही जीभ कुठी गेली होती?"

भाऊजी गालात हसले.

काउंटरवर त्याची चुलत बहीण अश्लेषा बसली होती. प्राणिशास्त्रात एमएस्सी करून राहिली ना ती. म्हणे, "दादा, सकाळपासून काय खाल्लं?"

"काहीच नाही वं."

"मंग खोटं कोणीच बोलून नाही राहिलं! जिभेवर गोड ओळखणाऱ्या पेशी असतात. अंगातली चरबी लेप्टिन नावाचं रसायन रक्तात सोडते. ते त्या पेशींले सांगते, आता जरा शांत बसा. उपाशी असलं का ते कमी होते, मंग जराशा गोडानंही त्या नाचाले लागतात. एकटं लेप्टिनच नाही, आणखीही रसायनं आहेत, पण..."

"रक्तातून जिभेले निरोप?" नानाजी म्हणे. "तुह्या आजीच्या जिभेले शांत बसायचा निरोप कधीच कसा नाही भेटत?"

तिनं दुर्गेशले उपासाचंच, साबुदाण्याची उसळ, दही, केळी, सगळं चारलं. उन्हं उतरल्यावर डोळ्याले दुपट्टा बांधून दोन तुकडे दिले, एक कालच्या, नानाजीनं चाखलेल्या बर्फीचा, एक आजचा. पहिल्याच तुकड्याले त्याचं तोंड वाकडं.

"फिक्की! कोणी बनवली हे?"

"तूच!"

अख्खं दुकान हसलं, भाऊजी सोडून. बर्फी परत कढईत गेली. साखर पडत गेली, दुर्गेश चाखत गेला. "आणखी जराशी... बस, आता बस!"

नानाजीनं चाखली. लगेच दुसरी वडी उचलली. मंग म्हणे, "चाखायचं तूच गा. पण आधी जेवून येत जा."

"अन् मी?" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही याले जेवू घाला, जावईबापू!"