पर्लीनची माती

मी ओकीचोबी तळ्याकाठची काळी माती बोलतेय. ऐकायचं असेल तर लवकर ऐका, मी फार उरलेली नाही.

माझा जन्म पाण्यात झाला. लव्हाळी, करवतीसारख्या कडांचं गवत, झाडांची पानं, सगळं पाण्यात पडायचं. पाण्याखाली हवा नाही, त्यामुळे ते धड कुजायचंही नाही. थरावर थर बसत गेले आणि मी झाले. बोटभर जाडी वाढायला मला माणसाची एक पिढी लागे. माझ्या पोटात दगड नाही की वाळू नाही. वाळवलीत तर मी चुलीत जळेन. अशी कुठे माती असते का, म्हणून बाहेरचे लोक नाकं मुरडतात. मुरडू देत. माझ्या खाली पांढरा चुनखडीचा खडक आहे. तो मला धरून बसला आणि मी त्याला झाकून बसले, असा आमचा संसार हजारो वर्षं चालला.

पाण्याखाली होते तोवर मी काहीही सांभाळत असे. हजार वर्षांपूर्वी पडलेल्या पानाची शीर न् शीर माझ्यात शाबूत होती. या गोष्टीचा मला मोठा गर्व होता.

मग माणसांनी कालवे खणले आणि पाणी समुद्राकडे काढून दिलं. मी उघडी पडले. त्यांनी फरसबी लावली, ती पिवळी पडून मेली. मला शिव्या बसल्या. पुढे कुणीतरी माझ्यावर मोरचूद टाकून पाहिलं आणि मी अशी काही पिकले की शिव्या देणारेच मला मुठी भरभरून पाहुण्यांना दाखवू लागले. तोडणीला माणसं कमी पडली, तेव्हा बहामाच्या बेटांवरून बोटी भरून मजूर आले. त्यांत इस्मे होती आणि तिचा नवरा थॅडियस.

इस्मेच्या बेटावर सगळा खडकच. खडकाच्या खळग्यात ओंजळभर माती साठली की तिची माणसं त्यात मका टोचायची. पहिल्या दिवशी तिनं माझ्यात कोपरापर्यंत हात खुपसला आणि खदखदून हसली.

"थॅड, अरे इकडे ये! तळच लागत नाही हिला!"

"हळू. आत मगर असली तर हात तिथंच राहायचा."

"राहू दे की. फरसबी तोडायला एक पुरतो. दुसऱ्यानं तुझे कान ओढीन."

मला ती तेव्हाच आवडली. त्यांची मुलगी पर्लीन इथंच जन्मली. रांगताना मला खायची, आणि इस्मे तिच्या तोंडात बोट घालून मला बाहेर काढायची.

पर्लीन साडेतीन वर्षांची असताना सप्टेंबरात वादळ आलं आणि तळ्याचा बांध फुटला. पाणी घरांच्या छपरांवरून गेलं. थॅडच्या हातातून पोरगी सुटली. चौथ्या दिवशी ती गवतात सापडली. तेव्हा मेलेल्यांना गोळा करायला गाड्या फिरत होत्या, आणि प्रत्येक प्रेत गाडीतच द्यायचं असा हुकूम होता. शवपेट्या थोड्या होत्या, त्या गोऱ्यांना मिळाल्या. बाकीच्यांना एका लांब चरात, एकावर एक. पोरगी गाडीत द्यायची नाही, असं इस्मेनं ठरवलं. हुकूम मोडला तर काय होईल, हे तिनं नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही.

फरसबीच्या खोक्याच्या फळ्यांची थॅडनं पेटी केली. शेताच्या कडेला दोघांनी खड्डा खणला. इस्मेला खडकापर्यंत जायचं होतं, पण छातीइतकं खोल गेल्यावर पाणी पाझरू लागलं. तिथंच पेटी ठेवली. मग तिनं एक पोकळ लोखंडी पाइप आणला आणि तो पेटीशेजारी थॅडकडून ठोकून घेतला, खाली खडकाला लागून ठण्ण वाजेपर्यंत. वरचं तोंड जमिनीबरोबर. म्हणजे कुणाला दिसायला नको.

"खडक आपल्या बेटासारखाच आहे," ती म्हणाली. "तिला कळू दे, खाली ओळखीचं कुणीतरी आहे."

माती लोटून झाल्यावर तिनं माझ्यावर तळवा टेकला आणि एकच शब्द म्हणाली, "सांभाळ."

मला तोवर कुणी काही मागितलं नव्हतं. सगळे नुसते काढून नेत. मला अभिमान वाटला. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला वाटलं.

वर्षभरानं पाइपचं तोंड बोटभर वर आलेलं दिसलं. पुढच्या वर्षी दोन बोटं. इस्मे घरी पळत गेली.

"थॅड, पाइप वर आलाय."

"कुणी उपसला असेल."

"हलवून पाहिला. घट्ट आहे." तिला धाप लागली होती. "ती वाढतेय, थॅड. आमचे म्हातारे म्हणायचे ना, खडक जिवंत असतो, हळूहळू वाढतो. तो तिला वर आणतोय."

थॅडनं दारातून खाली जमिनीकडे पाहिलं.

तेव्हापासून दर मार्चमध्ये, पर्लीनच्या वाढदिवसाला, इस्मे कानस घेऊन यायची आणि जमिनीलगत पाइपवर एक खूण करायची. बेटावर करतात तशी, कणकेत पेरू भरून वाफवलेली गोड वळी आणायची आणि तिथंच बसून खायची. "घोट्यापर्यंत आली," म्हणायची. मग "गुडघ्यापर्यंत आली गं बाई." वारा पाइपच्या तोंडावरून गेला की आतून शीळ यायची, बारीक, लांबवलेली. मजूर ती वाट सोडून लांबून जायचे. चरात गेलेल्यांची माणसं तर कान झाकून घ्यायची. इस्मे मात्र पाइपाला कान लावून बसायची आणि हसायची.

त्या शिळेची सगळ्यांत जास्त भीती मला वाटायची, कारण आत काय चाललंय ते मला एकटीला माहीत होतं.

पाणी गेलं की माझ्यात हवा शिरते. हवा शिरली की मी ज्वाळेशिवाय जळते, कुजते, धूळ होऊन उडते. दर वर्षी बोटभर. जे बोटभर वाढायला पिढी लागली, ते एका हंगामात संपतं. आणि मी जळते तेव्हा माझ्यात ठेवलेलं कसं वाचणार? आधी कापड गेलं. मग फळ्या भुसभुशीत झाल्या. मग बाकीचं. इस्मे वर बसून गोड वळी खात होती आणि खाली मी तिची लेक खात होते. मला थांबता येत नव्हतं. भुतं माणसांना छळतात म्हणतात. मला त्या पोरीनं छळलंय, रोज, काही न बोलता.

थॅडला माझी हालत कळली होती. त्याचं घर खडकावर टेकलेल्या खांबांवर होतं. मी खाली गेले की दारातून पाय जमिनीला पोचेना, म्हणून दोनतीन वर्षांनी तो एक पायरी जोडायचा. शेतावरचा नांगरवाला डेल्मर चिडवायचा, "काय थॅड, आणखी एक? स्वर्गात चाललायस काय?"

"पायीच जाईन म्हणतो. मेल्यावर फार गर्दी असते."

इस्मे म्हणायची, "बघ, खडक घरालाही वर उचलतोय." तो मान डोलवायचा आणि खिळा ठोकायचा.

पाइप ठोकल्याच्या सदतिसाव्या वर्षी जमिनीची पातळी मोजणारा एक मोजणीवाला आला. पाइप बघून तो हरखून गेला. इस्मेला म्हणाला, "बाई, हा कुणी ठोकला? आमच्या फार उपयोगाचा आहे. कमरेइतकी माती गेली की इथली!"

"माती कुठं गेली, साहेब? पाइप वर आलाय."

"पाइप आहे तिथंच आहे. तो खडकावर उभा आहे. जमीन खाली बसतेय."

"खडक वाढत नाही?"

"खडक कसा वाढेल, बाई?"

तो पट्टी गुंडाळून निघून गेला. इस्मे घरी गेली आणि सर्वांत खालच्या पायरीवर बसली.

"तुला ठाऊक होतं?"

"पायऱ्या मीच लावतो, इस्मे."

"मग सदतीस वर्षं तोंडात काय धरून बसला होतास?"

"मार्चमध्ये तू हसत घरी यायचीस," थॅड म्हणाला. "वर्षातून तेवढंच हसायचीस. ते माझ्यानं मोडवलं नाही."

त्याच आठवड्यात डेल्मर हातात एक मोठा शंख घेऊन आला. "नांगराला लागला. समुद्र कुठे, हे शेत कुठे! तुमच्या बेटाकडचा दिसतोय म्हणून आणला. सोमवारी उरलेली कड नांगरतो, आणखी निघाले तर देईन."

इस्मेनं शंख पोटाशी धरला. बेटाच्या रिवाजाप्रमाणे तिनंच तो पेटीच्या झाकणावर ठेवला होता. म्हणजे आता झाकण फाळाच्या तोंडी आलं होतं.

रविवारी सगळे चर्चमध्ये असताना दोघं फावडी घेऊन आले. टेकाडावर, वाळूच्या जमिनीत, चर्चचं कब्रस्तान होतं. पोरीला तिकडे न्यायचं ठरलं होतं. दोघंही साठीचे. थॅडला दम लागत होता, पण इस्मेनं त्याला थांबू दिलं नाही. फार खणावं लागलं नाही. फळ्या ओल्या पावासारख्या हातात आल्या. खाली मी होते, काळी, सगळीकडे मीच. चारदोन बारीक हाडं होती, ती बोट लागताच माझ्यासारखी झाली.

इस्मे मला चाळू लागली, ओंजळीनं, गव्हातले खडे काढावे तसं. बराच वेळ. मग तिच्या हाताला काहीतरी टणक लागलं. ते तिनं कमरेला बांधलेल्या कापडाला पुसलं. पांढरं, तांदळाएवढं. मग आणखी एक. मग आणखी.

"दात आहेत," थॅड म्हणाला.

तिनं ते तळव्यावर फिरवून पाहिले. "दुधाचे आहेत."

"साडेतीन वर्षांची होती, इस्मे."

"वाढली असती तर पडले असते रे," ती म्हणाली, आणि आजवर कधी रडली नव्हती तशी रडली.

सगळे दात तिनं रुमालात बांधले. जाताना ती वाकली, माझ्यावर तळवा टेकला. मला वाटलं शिवी देईल. तिनं हळू आवाजात विचारलं, "सांभाळ म्हटलं होतं ना तुला?"

त्याला बरीच वर्षं झाली. ती दोघं आता टेकाडावर लेकीशेजारी आहेत. इथं मी वीतभर उरलेय. नांगराचा फाळ खडकावर घासतो तेव्हा मला माझा तळ ऐकू येतो.

कालव्यांची दारं ज्यांच्या हातात आहेत, त्यांना एवढं सांगा. माझ्यावर पुन्हा पाणी सोडा. पिकासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. त्या लांब चरापाशी मी अजून खोल आहे, आणि चरातले लोक अजून माझ्यात आहेत, एकावर एक. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत आणि त्यांना न्यायला रुमाल घेऊन कुणी येणार नाही. पाणी असेल तर मी त्यांना तरी सांभाळीन.